आईच्या चित्रांचं काय करायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न जवळपास दर वेळी सारखाच असतो: आई शाळेत चित्रकला शिकवायची, ती गेल्यावर माळ्यावर कागदांचे गठ्ठे निघाले, लॅमिनेट करून घेऊ का?

नका करू. गरम रोलरखाली प्लास्टिक कागदाला जे चिकटतं ते पुन्हा सुटत नाही आणि तैलखडूचं चित्र असेल तर रंगच वितळून पसरतो. फाटक्या कडेला सेलोटेपही नको. काही वर्षांत टेप गळून पडते, तिचा पिवळा डाग मात्र राहतो.

आधी गठ्ठे आहेत तसे, त्याच क्रमाने मोबाईलवर टिपून घ्या. कुठला कागद कशाखाली ठेवायचा हे तिने ठरवलेलं असतं. एकदा ते विस्कटलं की कुठल्या वर्गाचं, कुठल्या वर्षाचं, काही सांगता येत नाही.

मग निवड. बहुतेक घरांत फ्रेम केलेलं निसर्गचित्र जपतात आणि सरावाचे कागद रद्दीत जातात. माझ्या मते हे उलटं आहे. निसर्गचित्रात ती चित्रकार दिसते; शिकवणाऱ्या बाई दिसतात त्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांच्या तयारीच्या कागदांत. एकच तांब्या चार टप्प्यांत: बाह्यरेषा, सपाट रंग, छटा, पडछाया. वर्गाला दाखवण्यासाठी केलेले हे नमुने मुद्दाम अर्धवट सोडलेले असतात, म्हणून ते टाकाऊ वाटतात. त्याहून मोलाचे म्हणजे मुलांचे कागद, ज्यांच्या कोपऱ्यात तिने पेन्सिलीने इवलीशी दुरुस्ती केलेली असते. मुलं तांब्याच्या तोंडाचं लंबवर्तुळ दोन्ही टोकांना टोकदार काढतात आणि बूड सरळ रेषेत टेकवतात. बूड नजरेपासून आणखी खाली असतं, म्हणून त्याची गोलाई तोंडापेक्षा जास्त हवी. कोपऱ्यातल्या त्या दोन रेघांत हा सगळा तास असतो. ते पुसू नका, कागद ‘स्वच्छ’ करण्याच्या नादात तर अजिबात नाही.

गुंडाळी झालेलं चित्र जोर लावून उलगडू नका. पोस्टर कलरचा जाड थर तडकतो आणि खपल्या पडतात. हळूहळू सैल होऊ द्या, मग दोन टिपकागदांमध्ये ठेवून वर सपाट फळी आणि पुस्तकं, आठवडाभर. तैलखडू मात्र कधीच पुरता वाळत नाही. त्यावर वजन ठेवू नका, नुसता गुळगुळीत ग्लासीन कागद ठेवा.

बुरशी दिसली तर ओलं फडकं लावायचं नाही. नाकातोंडाला मास्क, मोकळ्या हवेत मऊ कोरडा ब्रश. कडक उन्हात वाळत घालू नका, किरमिजी आणि जांभळे रंग आधी उडतात. कसरीसाठी डांबराच्या गोळ्यांऐवजी वेखंडाचे सुके तुकडे मलमलीच्या पुरचुंडीत ठेवा. पण खरा उपाय म्हणजे दमट माळा सोडून कागद घरातल्या आतल्या भिंतीच्या कपाटात आणणं. ओला कडुलिंब नको, पाल्यातला ओलावा कागदातच जातो.

फ्रेम करायचीच तर काच चित्राला टेकता कामा नये. मध्ये आम्लरहित माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगा आणि चित्र मागे पांढऱ्या गोंदाने डकवू नका म्हणून बजावा. वरच्या कडेला पातळ टिश्यूच्या दोन पट्ट्या, गव्हाच्या खळीने लावलेल्या, पुरतात.

फोटो काढायचे ते काच उतरवून, व्हरांड्यातल्या सावलीत, मोबाईल कागदाला समांतर धरून. ए-4 एवढे कागद स्कॅन केले तर 300 डीपीआय पुरे, तिची रांगोळीची वही निघाली असेल तर त्यातल्या बारीक ठिपक्यांना 600. त्या वहीत नक्षीच्या शेजारी ‘15 ते 8’ असं काही लिहिलेलं असेल तर तेवढा भाग कापून टाकू नका. मधल्या ओळीत 15 ठिपके, मग वर आणि खाली दर ओळीत एकेक कमी करत 8 पर्यंत, हे त्याशिवाय पुढच्याला कळणार नाही.

आणि प्रत्येक कागदामागे, अगदी कडेला, मऊ 2बी पेन्सिलीने नाव, इयत्ता, साल लिहा. बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. नावं आठवत नसतील तर तिच्या सहकारी बाईंना विचारा, याच महिन्यात.