‘टाकत का नाही?’ तुम्ही विचारलंत म्हणून

“एवढी मेहनत घेता, मग तुमचा व्हिडिओ कार्यक्रम यूट्यूबवर टाकत का नाही?” कॉमिक्सवाल्यांच्या मेळाव्यात हॉलबाहेर चहा पिताना हे विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, रात्री साडेअकराला मेसेज करून विचारतात. आजवर “बघू” म्हणून सुटत आलो. आता एकदा सविस्तर सांगतो, म्हणजे निदान “भाव खातो” हे तरी ऐकावं लागणार नाही.

आम्ही सावदा, फैजपूर आणि भुसावळची काही मंडळी. राज कॉमिक्सचे हिरो, नागराज १९८६ चा, ध्रुव १९८७ चा, आणि आम्ही त्यांच्या आगेमागे शाळेत गेलेले. भुसावळ स्टेशनच्या स्टॉलवरून कॉमिक्स आणायची आणि गल्लीत भाड्याने फिरवायची, हा आमचा पहिला धंदा. या कॉमिक्सच्या चाहत्यांचा मेळावा दर वर्षी कुठल्या तरी शहरात भरतो, कधी इंदूर, कधी मुंबई, कधी पुणे. तिथे दाखवायला आम्ही वीस-पंचवीस मिनिटांचा एक व्हिडिओ कार्यक्रम करतो. आमचा भुसावळी सुपरहिरो त्यात जगाला वाचवता वाचवता गाडी चुकवतो. कार्यक्रमाचं नाव इथे लिहीत नाही, शोधत बसाल.

शूटिंग हिवाळ्यात करतो. तेव्हा सगळ्यांना सवड असते आणि बामणोदची वांगी आलेली असतात. खर्चाचं म्हणाल तर एका भागाला दहा-बारा हजार, त्यातले निम्मे भरीत आणि कळण्याच्या भाकरीवर. स्टुडिओ म्हणजे एका मित्राचं केळी पिकवायचं चेंबर, रिकामं असेल तेव्हा. दार लावलं की भर दुपारी आत मिट्ट काळोख, म्हणजे लाईट आपल्या मर्जीने लावता येतो. मात्र भिंतींचे पत्रे आवाज परत फेकतात, म्हणून आत गोधड्या आणि बारदान टांगावं लागतं. कॉम्प्रेसर बंद करायचा तर मित्राला आधी विचारायचं. परग्रहावरच्या प्राण्यांचे हातपाय ठिबकच्या नळ्यांचे, झगे जळगाव एमआयडीसीतल्या प्लॅस्टिक चटईचे. मागच्या हिरव्या पडद्यासाठी आधी शेडनेट लावून पाहिली, पण तिच्या भोकांतून पलीकडचं सगळं दिसत राहिलं. शेवटी मंडपवाल्याकडून हिरवं कापड आणलं.

आता तुमचा प्रश्न. पहिलं कारण सांगतो ते कुणालाच पटत नाही, तरी खरं आहे. हा कार्यक्रम हॉलसाठी कापलेला असतो. कुठे हशा येणार याचा अंदाज धरून आम्ही तिथे तीन-चार सेकंद मुद्दाम मोकळे सोडतो, नाहीतर पुढचा संवाद हशात बुडतो. घरी मोबाईलवर तेच बघा: नट तोंड मिटून एकमेकांकडे बघत उभे, कुणी बोलत नाही, वाटतं हे वाक्य विसरले. भाड्याच्या प्रोजेक्टरवर चित्र धुतल्यासारखं दिसतं, म्हणून आम्ही रंग आधीच भडक करून ठेवतो. मोबाईलवर ते सगळे कावीळ झाल्यासारखे दिसतात. आवाज स्टेजवरच्या दोन भोंग्यांसाठी बसवलेला. पाट्यांची अक्षरं शेवटच्या रांगेतल्या चष्मेवाल्यासाठी. “मग मोबाईलसाठी वेगळं एडिटिंग करा की.” करा की! तुम्ही या सावद्याला, मशीन देतो, जेवण देतो.

दुसरं कारण कायद्याचं. आमचा हिरो आमचा असला तरी त्याच्या आजूबाजूला जी पात्रं वावरतात ती कुणाच्या कॉमिक्समधली आहेत, हे तुम्हाला सांगायला नको. पार्श्वसंगीत तर सरळ उचललेलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे, त्यात एक सवलत दिली आहे: हौशी मंडळाने पैसे न घेता प्रेक्षकांपुढे साहित्य, नाट्य किंवा संगीत सादर केलं तर तो भंग धरत नाहीत. मी बरीच वर्षं हे कलम छातीवर बिल्ल्यासारखं मिरवलं. मग भुसावळच्या एका वकील मित्राने चहा पिता पिता सांगितलं की ही सवलत सादर करण्याला आहे, व्हिडिओ बनवून जगभर वाटण्याला तिचा आधार घेऊ नकोस. आणि हॉलमधल्या दाखवण्याचं काय? तर म्हणाला, “ते मला विचारू नकोस, मी चहा पितोय.”

इथे कुणीतरी मालेगाव काढतंच. तिथल्या हौशी सिनेमावाल्यांवरचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा सिनेमा २०२५ च्या फेब्रुवारीत लागल्यापासून तर प्रत्येक जण काढतो. बाबांनो, मालेगाव आम्हाला शिकवू नका. ते नाशिक जिल्ह्यात असलं तरी बोलीने आणि सोयरिकीने आमचंच आहे. नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ केला, तेव्हा सायकलवर कॅमेरा चालवला, हे आमच्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे आणि आमची पहिली ट्रॉलीही सायकलच होती. पण त्यांचा हिशेब वेगळा होता. व्हिडिओ पार्लर त्यांचंच, शुक्रवारी यंत्रमाग बंद, कारागीर तिकीट काढून बघायला येणार. त्यांनीही आधी समोरच्या बाकड्यांसाठीच बनवलं. जग नंतर आलं, तेही दुसऱ्या कुणीतरी त्यांच्यावर माहितीपट केला म्हणून.

जास्त वाचलेले लोक जपान काढतात. १९८१ मध्ये ओसाकाच्या विज्ञानकथा संमेलनात कॉलेजच्या पोरांनी उद्घाटनाला आठ मिलिमीटरवर एक छोटी ॲनिमेशन फिल्म दाखवली, दोन वर्षांनी दुसरी, आणि त्याच पोरांतून पुढे गायनॅक्स हा स्टुडिओ उभा राहिला. खरं आहे, मीही हेच सांगत फिरायचो. पण दुसऱ्या फिल्मला त्यांनी एका इंग्लिश बँडचं गाणं परवानगी न घेता लावलं होतं आणि दुसऱ्यांची पात्रं तर दोन्हींत पोत्याने भरली होती, हे सांगताना मी गाळायचो. आणि आमच्यातून कुठला स्टुडिओ उभा राहणार आहे? आमचा कॅमेरामन खतांच्या दुकानात बसतो. त्याला तिथेच बसायचंय.

ही झाली सांगायची कारणं. आता नानांचं सांगतो.

नाना म्हणजे आमचा खलनायक. मूळचे धुळ्याकडचे, रेल्वेत पॉइंट्समन होते, भुसावळलाच निवृत्त झाले. आम्ही सगळे लेवा पट्ट्यातले, ‘मले-तुले’वाले, नाना अस्सल अहिराणी. परग्रहावरचा सम्राट पृथ्वीचं थकलेलं भाडं वसूल करायला येतो, हे पात्र त्यांच्यासाठीच लिहिलं. डोक्यावर टेबलफॅनच्या जाळीचा मुकुट, अंगात सोनेरी चटईचा झगा, आणि चेहरा असा की पोरं खरंच चरकायची. तिसऱ्या भागात सम्राट सिंहासनावर बसतो तो प्रसंग होता. सिंहासन म्हणजे केळीचे क्रेट एकावर एक रचलेले. नाना ऐटीत बसले आणि क्रेट सरकले. पाय वर, झगा तोंडावर, खालची नाडीची चड्डी सगळ्या ब्रह्मांडाला दिसतेय, आणि तसंच पडल्या पडल्या, आवाजाची जरब तसूभर न सोडता नाना म्हणाले, “आख्खी पृथ्वी मन्ही शे! भाडं काढा!”

आम्ही “कट” म्हणायला विसरलो. नंतर मीच म्हटलं, नाना, परत घेऊ. नाना म्हणाले, “राहू दे, भो. सम्राट पडला तरी सम्राटच.” म्हणून ठेवलं.

मेळाव्यात तो क्षण आला तेव्हा काय झालं, ते मला नीट लिहिता येणार नाही. त्या लोकांनी आधीचे दोन भाग पाहिलेले. सम्राट कसा उभा राहतो, कसा कुणाला मोजत नाही, हे त्यांना माहीत. तो पडला तेव्हा हॉल फुटला, आणि पडूनही त्याने भाडं मागितलं तेव्हा लोक उठून उभे राहिले. नाना दुसऱ्या रांगेत, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. त्यांनी मागे वळून हात जोडले. कुणीतरी “सम्राट की जय” म्हटलं आणि सगळ्या हॉलने ते उचललं.

कुणीतरी मोबाईलवर घेतलंही. कुणी, ते आजपर्यंत कळलं नाही, आणि मी शोधणं सोडलं. आम्ही परतीच्या गाडीत होतो तोवर कुठल्याशा पेजने त्यातले काही सेकंद कापून टाकले होते: पडणं, चड्डी आणि वाक्य. टाळ्या काढून खाली एक ढिंच्याक गाणं लावलेलं, वर मथळा ‘खान्देशी बुढ्ढा’. आधीचा सम्राट नाही, नंतरचा हॉल नाही. नानांचे धाकटे भाऊ सुरतेला, उधन्यात असतात. भुसावळला उतरायच्या आत त्यांचा फोन आला.

नाना तेव्हा खूश झाले, हे लोकांना सांगितलं की पटत नाही. दोन-तीन आठवडे तर ते स्वतःच दाखवत फिरत होते.

मग त्यांच्या मुलीचा साखरपुडा झाला, दोंडाईच्याकडे. मी होतो. जेवणं उरकल्यावर मुलाकडची पोरं नानांभोवती जमली. “नाना, तो डायलॉग होऊ द्या.” व्याही समोर बसलेले, विहीणबाई समोर. नानांनी एकदा इकडेतिकडे पाहिलं, उपरणं सारखं केलं आणि उभं राहून म्हटलं. चांगलं म्हटलं, अगदी सम्राटासारखं. पोरांनी मोबाईल वर धरलेले. त्यातला एक म्हणाला, “असं नाही नाना, पडून दाखवा ना.”

नाना हसले. बसले. पोरं “पडा ना, पडा ना” करत राहिली, मग व्याह्यांनी त्यांना हाकललं. काकू, म्हणजे नानांच्या बायको, आत स्वयंपाकघरात गेल्या त्या निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. परतीला जीपमध्ये अमळनेर येईपर्यंत कुणी काही बोललं नाही. लग्न मोडलं वगैरे काही नाही, थाटात लागलं, मुलगी सुखात आहे. ऐकणाऱ्यांना इथे काहीतरी मोडावंसं वाटतं, म्हणून आधीच सांगून टाकतो.

तेव्हापासून मी ठरवलं की आपल्या हाताने काही टाकायचं नाही. मेळाव्यातही सुरुवातीला हात जोडून मोबाईल खिशात ठेवायला सांगतो. लोकांना हा माज वाटतो. वाटू दे.

इथे हा लेख संपला असता तर बरं झालं असतं. पण पुढच्या हिवाळ्यात नाना घरी आले. मला वाटलं, आता नको म्हणायला आले. तर चहा झाल्यावर म्हणाले, “अर्धं दखाडं ना, आते पुरं दखाड.” लोकांनी मला पडताना पाहिलंय, म्हणाले. मी आधी कसा उभा होतो, ते कुणी पाहिलंय? हॉलमधल्या दीड-दोनशे जणांनी. आणि माझ्या व्याह्याने? उधन्याच्या भावकीने? सगळा कार्यक्रम टाक, पहिल्यापासून. मग ज्याला हसायचं तो हसेल.

मी म्हटलं, नाना, पूर्ण टाकला तरी लोक कापून तेवढंच घेतील. वीस मिनिटं कोण बघतं? ते म्हणाले, एक जण बघेल ना. मी कायद्याचं सांगितलं. ते म्हणाले, रेल्वेत कायदा मीही पाळला आहे, मला कायदा सांगू नको. मी हशाच्या मोकळ्या जागांचं सांगितलं. त्यावर ते काही बोलले नाहीत, बहुतेक त्यांना ते बहाणाच वाटलं. मलाही सांगताना तो बहाणाच वाटला, खरं असूनसुद्धा.

आणि आणखी एक आहे, जे नानांनाही सांगितलं नाही. हॉलमध्ये माझ्या नावाला टाळ्या पडतात. तिकडे टाकल्यावर खाली त्रेचाळीस जणांनी पाहिलं असा आकडा दिसला, तर मी पुढच्या डिसेंबरात त्या चेंबरमध्ये गोधड्या टांगायला जाईन का, मला खात्री नाही. नानांच्या इज्जतीची ढाल पुढे करून मी माझी झाकतोय, असं आमचा खतवाला कॅमेरामन तोंडावर म्हणाला. त्याला मी त्या दिवशी भरीत वाढलं नाही.

सुरुवातीच्या काळातला मी तर पूर्ण त्याच्याच बाजूचा. तेव्हा मी पेन ड्राइव्ह खिशात घेऊन फिरायचो, भेटेल त्याला कॉपी करून द्यायचो. मेळाव्यातल्या जुन्या लोकांकडे त्यांच्या व्हीएचएस टेप कपाटात पडलेल्या पाहून मी भांडलो होतो, कपाटात ठेवायला केलंत का म्हणून. त्यातल्या एका काकांनी फक्त “तुझं होऊ दे” एवढं म्हटलं होतं. तो मी आज समोर आला, तर साखरपुड्याचं सांगून त्याला अर्ध्या वाटेवर गप्प करीन. उरलेल्या अर्ध्यात तो नानांना पुढे करील, आणि मग मला उत्तर सुचणार नाही.

म्हणून लिंक नाही. मेळाव्याला या, प्रवेश फुकट असतो, पुढे बसा, मागे आवाज फाटतो. यंदा नाना येणार की नाही, ते अजून सांगत नाहीत. त्यांची अट आहे की निदान हा भाग तरी पूर्ण टाकायचा. मी म्हटलंय, लिहून झाल्यावर बोलू. लिहून झालाय. सम्राटाचा प्रवेश दोन प्रकारे लिहिलाय, नाना असले तर एक आणि नसले तर दुसरा. दुसरा अगदीच टुकार झालाय.