भिशीचे २५ हजार आणि धाकट्याचा लॅपटॉप

आईची भिशी लागली, २५ हजार, आणि त्याच आठवड्यात धाकट्याचं बीसीएचं ॲडमिशन झालं, म्हणजे पैसे कुठं जाणार ते ठरलेलंच. घरात कॉम्प्युटरमधलं कळतंय ते मला असं सगळ्यांचं मत (एकदा काकांचा प्रिंटर चालू करून दिलेला, तेवढ्यावर), मग काय, गेलो दोघं कोल्हापुरात राजारामपुरीत.

पहिल्याच दुकानात २४ हजाराचा नवाकोरा दाखवला. पातळ, चंदेरी, धाकटा तिथंच खूश. आत बघितलं तर इंटेलचा स्वस्तातला प्रोसेसर सेलेरॉन एन४०२०, म्हणजे दोनच कोर, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी (एसएसडीपेक्षा हळू चालणारं स्वस्तातलं स्टोरेज). आता विंडोज ११ ची कमीत कमी अटच ४ जीबी रॅम नि ६४ जीबी स्टोरेज आहे, म्हणजे विंडोज बसली की घर फुल्ल, पोराचं प्रोग्रॅमिंगचं सामान, जावा नि व्हीएस कोड, राहणार अंगणात. रॅम वाढवता येईल का विचारलं तर 'येतंय की, कधीबी आणा' म्हणाला. घरी येऊन मॉडेल शोधलं तर रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली, स्लॉटच नाही! दुकानाचं नाव घेत नाही, पण लई डोकं फिरलं.

मग सेकंडहँडकडं वळलो. आईनं नाक मुरडलं, कुणाचं तरी वापरलेलं कशाला म्हणून, पण बाबांची स्प्लेंडर पण सेकंडहँडच आहे की, अजून पळतीय. कंपन्या ऑफिसचे लॅपटॉप काही वर्षांनी काढून टाकतात, त्यातला थिंकपॅड टी४८० मिळाला १९ हजाराला: इंटेलचा आठव्या जनरेशनचा प्रोसेसर आय५ ८२५०यू, चार कोर, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी. आठवी जनरेशनच पाहिजे म्हणून अडून बसलो, कारण इंटेलमध्ये विंडोज ११ अधिकृतपणे साधारण तिथनंच पुढं चालते, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. सहावी-सातवी अजून स्वस्तात मिळते, पण ती घेऊन विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकटातली सिस्टीम टाकायची तयारी असंल तरच घ्या. याच मॉडेलात १३६६ बाय ७६८ ची फिकट स्क्रीन पण येते, ती नको, फुल एचडीच बघा.

दुकानातच बॅटरीत किती दम उरलाय ते सांगणारी 'powercfg /batteryreport' ही विंडोजची कमांड मारली, दुकानदार बघतच राहिला. टी४८० ला बॅटऱ्या दोन, एक आत, एक बाहेरनं काढता येणारी. आतली ठीक निघाली, बाहेरची निम्म्यावर आलेली, मग नवी टाकून घेतली, आणि रॅमचा दुसरा स्लॉट मोकळा होता त्यात अजून ८ जीबी.

सगळं मिळून २३,२०० झाले. धाकटा म्हणतोय बँकेतल्या साहेबाचा वाटतोय, जड पण आहे, पण चालतोय पाण्यासारखा. उरलेल्या १,८०० मध्ये त्याला माऊस नि बॅग पाहिजे होती, तोवर आईनं ते पुढच्या भिशीत भरले पण.