टीपॉयची काच

मेस्त्रींच्या टीपॉयची काच खाली बैठकीत कमी आणि वर आमच्या खोलीत जास्त असायची. दिवाळीच्या सुट्टीआधी एकदा आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी एकदा, असे वर्षातून दोन मोसम. सबमिशन जवळ आलं की आमच्यातला एकजण, शक्यतो तोंडाने गोड असा गारगोटीचा, खाली जाऊन म्हणायचा, "काकू, जरा काच नेऊ काय?" काकू त्यावरचं क्रोशाचं झाकण, रिमोट आणि गणपतीच्या वर्गणीची पावती बाजूला करायच्या. "फोडलासा तर जेवायला बोलवणार नाही," एवढंच म्हणायच्या. मेसला रविवारी संध्याकाळी सुट्टी असल्यामुळे ही धमकी साधी नव्हती.

ज्यांनी इंजिनिअरिंग केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ड्रॉइंगचं शीट काढायचे दोन मार्ग असतात. एक पुस्तकातला: ड्रॉइंग बोर्ड, त्याला अडकवलेला रेघा आखायचा ड्राफ्टर, टू-एच पेन्सिल, मान मोडेपर्यंत सहा तास. दुसरा जीटी. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. चार बाजूंना चार विटा किंवा एम-थ्रीची, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरची, जाडजूड गाइडं, त्यावर काच, काचेखाली दिवा. काचेवर कुणाचं तरी तपासून झालेलं शीट, त्यावर आपलं कोरं, चार कोपऱ्यांना चिमटे. दिवा लावला की खालच्या रेघा वरच्या कागदावर उमटून येतात आणि आपण फक्त त्यांच्यावरून हात फिरवायचा. तासाभरात शीट तयार. आम्ही शीट 'काढत' नसू, 'मारत' असू. मराठीत आपण चक्कर, थाप, गप्पा आणि डल्ला मारतो. शीट मारण्यात यातलं थोडं थोडं सगळंच होतं.

ड्राफ्टरचा उपयोग मग काय, तर तो दप्तरातून अर्धा बाहेर काढून केएमटीत, म्हणजे कोल्हापूरच्या सिटी बसमध्ये, उभं राहायचं. पाठीला शीटचं नळकांडं, काखेत ड्राफ्टर, असा पोरगा बसमध्ये चढला की आख्खी बस वळून बघायची. "ओ इंजिनिअर, ते नळकांडं आत घ्या, आजीच्या डोळ्यात जाईल," असं कंडक्टर म्हणाला की राग येण्याऐवजी बरं वाटायचं. इंजिनिअर म्हणाला ना. घरच्यांनीसुद्धा अजून म्हटलं नव्हतं.

आम्ही चौघं. गारगोटीचा, जतचा, इचलकरंजीचा आणि मी. खोली शिवाजी उद्यमनगरच्या कडेला, मेस्त्रींच्या घरावर पत्रे टाकून केलेली. उन्हाळ्यात भट्टी, पावसाळ्यात ताशा. खाली गल्लीत दिवसभर लेथचा आवाज, ग्राइंडरच्या ठिणग्या आणि दुपारी एक वाजता अचानक शांतता, कारण सगळे मिसळ खायला गेलेले. या गल्ल्यांमधून ऑइल इंजिनं आणि उसाचे चरक तयार होऊन गावोगाव गेले, जुन्या जमान्यातल्या म्हादबा मेस्त्रींसारखी न शिकलेली माणसं इथे मोठी कारागीर झाली, हे आम्हाला ऐकून माहीत होतं. पण आम्ही मेकॅनिकलला होतो, त्यामुळे त्याच्याशी आमचा काही संबंध आहे असं आम्हाला वाटत नसे.

मेस्त्री पॅटर्न करायचे. म्हणजे फौंड्रीत ओतकाम करायच्या आधी वाळूत ज्याचा ठसा घेतात तो लाकडी साचा. सुतारकीचा हात, पण काम लोखंडासाठी. शिक्षण सातवी. आम्ही त्यांना काका म्हणायचो, पण एकमेकांत बोलताना मेस्त्री. कोल्हापुरात ती पदवीच आहे, डॉक्टरसारखी.

तर २००६ सालचा नोव्हेंबर. सेकंड इयर, मशीन ड्रॉइंग. दुसऱ्या दिवशी सबमिशन आणि शीट प्लमर ब्लॉकचं. शाफ्टला आधार देणारं हे बेअरिंग. खाली बॉडी, वर टोपी, मध्ये पितळेचे दोन अर्धे तुकडे आणि हे सगळं आवळून धरणारे दोन बोल्ट, चौकोनी डोक्याचे, खालून वर घातलेले. डोकं बॉडीच्या तळाशी चौकोनी खोबणीत बसतं, म्हणजे वरून नट आवळताना बोल्ट गरगर फिरत नाही. साधी, हुशार गोष्ट. हे मला आज सांगता येतंय. त्या रात्री माझ्यासाठी ती फक्त रेघांची जाळी होती, काही जाड, काही बारीक, काही तुटक.

मूळ शीट आम्हाला वर्गातल्या एका मुलीकडून मिळालं होतं. "मी उद्या सकाळी न्यायला येतो, चुरगाळू नकोस," असं ती बजावून गेली. (बाहेरगावचे लोक आमच्या मुलींचं 'येतो-जातो' ऐकून दचकतात. आम्ही दचकत नाही.) तिला ते तिच्या सीनियरने दिलं होतं, त्याला त्याच्या सीनियरने. टायटल ब्लॉकमधलं नाव एवढ्या वेळा खोडलेलं होतं की तिथला कागद मागच्या बाजूने मऊ लागायचा. आम्ही त्या शीटला 'आज्जी' म्हणायचो. तिच्या खाली किती पिढ्या होत्या कुणाला ठाऊक.

शंभर वॉटच्या बल्बने जीटी मारताना एक अडचण असते. काच तापते. तापली की कागदाच्या कडा वळतात, हाताचा घाम शीटवर उतरतो आणि बल्ब फार जवळ असेल तर काच मधूनच तडकते. आदल्या वर्षी शेजारच्या खोलीत हे झालं होतं आणि त्यांनी नवी काच आणेपर्यंत घरमालकाला टीपॉय दिसू नये म्हणून त्यावर चार दिवस पसारा मांडून ठेवला होता. म्हणून आम्ही वर्गणी काढून सीएफएल आणला होता. तो गार राहतो. त्याच्या पांढऱ्या उजेडात चौघांचे चेहरे खालून उजळलेले, चहाचा थर्मास, आणि मध्येच लोडशेडिंग. दिवा गेला की आज्जी कागदाखाली गडप. मग अंधारात बसून आम्ही एम-थ्रीच्या केटीची, म्हणजे विषय राहण्याची, भविष्यं सांगायचो.

अशाच एका अंधारानंतर दिवे आले तेव्हा दारात मेस्त्री उभे होते. गळ्यात मफलर, हातात आमच्यासाठी शेंगांची पिशवी.

"काय करालाय रे एवढ्या रातचं?"

"शीट मारालोय काका."

ते आत येऊन उकिडवे बसले आणि काचेकडे बघायला लागले. आम्हाला वाटलं काच बघतायत. पण ते रेघा वाचत होते. आमच्यातला प्रत्येक जण ज्या शीटकडे चित्र म्हणून बघत होता ते हा माणूस पोस्टकार्डासारखं वाचत होता. बोट आधी वरच्या चित्रावरून, मग खालच्यावरून फिरलं. आपल्याकडे फर्स्ट अँगलची पद्धत, त्यामुळे समोरून दिसणारं वर काढतात आणि वरून दिसणारं खाली. अमेरिकेत बरोबर उलट. पहिल्या वर्षी हे डोक्यात बसायला मला एक अख्खं सेमिस्टर लागलं होतं. मेस्त्रींचं बोट एकदाही अडखळलं नाही.

मग ते बोट एका जागी थांबलं.

"ह्यो बोल्ट हिथं जाणार कसा?"

आम्ही चौघं वाकलो.

"ही खोबण बघ. बावीस. आणि बोल्टचं डोकं?"

मी वाचलं. सत्तावीस.

"बावीसच्या भोकात सत्तावीसचं डोकं घालतोस काय?"

जतचा म्हणाला, "काका, पण चित्रात तर लहान दिसालंय." त्याने पट्टी लावली. रेघेवर मोजलं तर एकवीस. आकडा मात्र सत्तावीस. मेस्त्री हसले. "मोजायचं नसतंय. मशीनवाला पट्टी लावत न्हाई, लिवलेलं वाचतो. सत्तावीस लिवलंस तर सत्तावीसच करून देणार त्यो, आणि मग तू वर तोंड करून भांडणार." आमच्या पुस्तकातही हेच होतं म्हणा: ड्रॉइंग कधी मोजायचं नाही, लिहिलेलं माप प्रमाण. वाचून आम्ही ते दोन मार्कांना लिहूनही आलो होतो.

मग झालं काय असेल ते हळूहळू ध्यानात आलं. रेघा काचेतून जशाच्या तशा खाली उतरत आल्या होत्या, पिढ्यान् पिढ्या, एक मिलिमीटरही न हलता. आकडे मात्र प्रत्येकाने आपापल्या हाताने लिहिले होते. कधीतरी कुठल्या तरी पहाटे कुणीतरी एकवीसमधल्या एकाला सात समजलं होतं. त्यानंतर तो सातच राहिला. वर्षामागून वर्षं कोल्हापूर परिसरातली किती पोरं तो बोल्ट त्या खोबणीत न घालताच पास होऊन गेली असतील. काही आज शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत मॅनेजर असतील.

गारगोटीचा जरा लाजून म्हणाला, "काका, कॉपीच मारालोय आम्ही, काय लपवायचं."

"मग आमी काय करतो?" मेस्त्री म्हणाले. "आमचं समदं कॉपीच की. एक पॅटर्न, त्येच्यावर हजार नग."

आणि ते खाली जाऊन स्वतःची पट्टी घेऊन आले. साधी स्टीलची पट्टी वाटत होती. त्यांनी ती आमच्या पट्टीला लावली. शून्याला शून्य जुळलं, पण पुढे जाता जाता दोन्ही पट्ट्यांची पटेना. तीसच्या खुणेला त्यांची पट्टी तीन मिलिमीटर पुढे पळालेली. बिडाचा रस साच्यात ओतला की थंड होताना आकसतो, मीटरमागे साधारण दहा मिलिमीटर. म्हणून पॅटर्न आधीच तेवढा मोठा करायचा. दर वेळी गणित कोण करत बसणार, म्हणून पट्टीच लांब आखलेली. तिच्यावरचा प्रत्येक सेंटीमीटर मुद्दाम खोटा, ओतलेला नग खरा यावा म्हणून.

'श्रिंकेज अलाउन्स' मला तोंडपाठ होता. 'टिपा लिहा'मध्ये हमखास यायचा, पाच मार्क. तो असा हातात घेता येतो आणि कडेला गंजलेला असतो, हे मला त्या रात्री कळलं. मी ती पट्टी बराच वेळ उलटीपालटी करून बघत होतो. मेस्त्री तोवर शेंगा सोलत होते.

जाताना त्यांनी खोडरबर उचललं आणि माझ्या शीटवरचा सात स्वतः खोडला. "लिव. एकवीस. आणि एक सरळ काढ, शेंडी नको." मी लिहिलं. बाकीच्या तिघांनीही लिहिलं. नंतर पुन्हा काच, पुन्हा चहा. पहाटे दूध कट्ट्यावर जायचं असं ठरत होतं, गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला, पण ते दर सबमिशनला ठरायचं आणि दर सबमिशनला झोप लागायची.

दुसऱ्या दिवशी सरांच्या टेबलावर साठ शीटं. सर न बघता सह्या करतात असा त्यांचा लौकिक होता. तारीख, सही, पुढचं. माझ्या शीटवर पेन थांबलं. त्यांनी चष्मा वर केला, गठ्ठा चाळला आणि तीन शीटं बाहेर ओढून माझ्या शीटच्या शेजारी मांडली. गारगोटीचं, जतचं, इचलकरंजीचं.

"एका खोलीत राहता काय रे चौघं?"

"हो सर."

"कॉपी केलीय."

छप्पन्न जणांनी तीच आज्जी गिरवलेली, आणि पकडले गेलो आम्ही चौघं, कारण आमचं बरोबर होतं. यावर काय बोलायचं ते आम्हाला सुचेना. जतचा पुटपुटला, "सर, ते बोल्ट जात नव्हता."

"कुणी सांगितलं?"

"घरमालकांनी."

"काय करतात?"

"पॅटर्न, उद्यमनगरात."

सर एकदम खुर्चीत मागे रेलले आणि हसायला लागले. त्यांना असं हसताना आम्ही आधी पाहिलं नव्हतं. "माझ्या शीटवरसुद्धा सत्तावीसच होतं," ते म्हणाले. सर याच कॉलेजचे, हे आम्हाला माहीत होतं. पण सरांनीही कधीतरी काच तापवली असेल, हे डोक्यात आलं नव्हतं. त्यांनी चारही शीटांवर सही केली. मार्क सगळ्यांना होते तेवढेच.

पुढच्या वर्षी माझं शीट मागायला एक ज्युनिअर आला. मी ते मोठ्या ऐटीत दिलं, आज्जीची चूक सुधारलेलं एकमेव घराणं म्हणून. बोल्टची सगळी गोष्टही सांगितली. तो "हो दादा, हो दादा" करत होता आणि त्याचं लक्ष नळकांड्याच्या झाकणाकडे होतं.

सबमिशननंतर शीट परत आलं, एका कोपऱ्यावर चहाच्या कपाचा गोल उमटलेला. त्याचं स्वतःचंही त्यातच चुकून गुंडाळलेलं राहिलं होतं. मी ते उलगडून खिडकीशी धरलं. रेघा चोख. खोबण बावीस. बोल्टचं डोकं सत्तावीस.

मग मी माझं शीट काढून बघितलं. एकाला शेंडी होती.