एकोणशंभर

परवा कुकरची तिसरी शिट्टी होता होता चिऊचं दप्तर उघडलं तर वर्कशीटवर ओळीने तीन लाल फुल्या. प्रश्न साधा, आकृतिबंध पूर्ण करा, २, ४, ६ आणि पुढे तीन रिकाम्या चौकटी. बाईसाहेबांनी त्यात परत २, ४, ६ लिहून ठेवलेलं.

मी लगेच बापाच्या आवाजात सुरू. अगं दोन, चार, सहा, मग पुढे किती? तर ती पापणी न हलवता "आठ". म्हणजे येत होतं! मग इथे दोन का लिहिलंस म्हटलं, तर म्हणाली, "अरे बाबा, वर बघ ना."

वर बघितलं. वरच्या ओळीत त्रिकोण, चौकोन, गोल आणि पुढे अशाच तीन चौकटी, तिथे तिने परत त्रिकोण, चौकोन, गोल काढलेले आणि त्यावर ठसठशीत बरोबरची खूण. वर जे केलं तेच खाली केलं, मग खाली फुली का, हा तिचा प्रश्न आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सहा वर्षांच्या माणसाला आत्तापर्यंत भेटलेलं सगळं गोल गोलच फिरतं ना, तोरणात झेंडू, आंब्याचं पान, झेंडू, पान, रविवार संपला की सोमवार, डब्यात पोळीभाजी आणि परत पोळीभाजी. काहीतरी दर वेळी वाढत जातं आणि मागे येतच नाही ही कल्पना तिच्यासाठी नवीनच, आपण ती इतक्या वर्षांपूर्वी गिळलेली असते की ती कधी नवीन होती हेच आठवत नाही.

तेव्हापासून एक केलंय, उत्तर चुकलं की आधी "कसं काय?" विचारायचं. त्यात मजा अशी की बहुतेक वेळा चुकीच्या आत एक नियम सापडतो, तो फक्त आपला नसतो. म्हणजे बघा, सत्तावीस म्हटलं की ती ७२ लिहिते. कानावर सात आधी पडतो म्हणून सात आधी लिहिते, बिचारीचं काय चुकलं? २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' छापाची नावं आली तेव्हा सगळ्यांबरोबर मीही व्हॉट्सअॅपवर जोक फॉरवर्ड केले होते, आता नसते केले. पण नवाच्या पाढ्यात गंमत झाली. तिने १८ चं ८१ लिहिलं, २७ चं ७२, ३६ चं ६३, आणि हे सगळे आकडे नवाच्या पाढ्यात आहेतच! फक्त उलटीकडून आल्यासारखे. आजी म्हणाली, नवाचा पाढा असाच, डावीकडे एक चढतो, उजवीकडे एक उतरतो, बेरीज करशील तर नऊच. आजी सातवी शिकलेली, आणि पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, अजून तोंडपाठ.

आजीच्याच रांगोळीवरून पुढचं निघालं. दारात ती शंकरपाळ्याच्या आकाराचे ठिपके घालते, एक, दोन, तीन, चार, तीन, दोन, एक. मोजले तर सोळा. चिऊने मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाली, हा तर चौकोनच आहे, झोपलेला. चार चारच्या चार ओळी. मला स्वतःला हे कधी दिसलं नव्हतं, चाळिशी आली!

आम्ही डोंबिवलीकर, त्यामुळे मला लगेच गणितवाले कापरेकर मास्तर आठवले. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवलं त्यांनी, ६१७४ वाले म्हणून बऱ्याच जणांना माहीत असतात, पण त्यांच्या 'डेमलो' संख्याही आहेत आणि डेमलो म्हणजे आपलं डोंबिवली स्टेशन, कल्पना तिथे सुचली म्हणून ते नाव. (आम्हाला त्या स्टेशनात फक्त ८:१२ कशी पकडायची एवढंच सुचतं.) त्यातल्याच काही बघायला फोनवर कॅल्क्युलेटर काढला, ११ गुणिले ११, १२१. १११ गुणिले १११, १२३२१. ११११ घेतला तर १२३४३२१, चिऊ ओरडली, आजीचे ठिपके! मग काय, फोन तिच्याकडे. नऊ एकांपर्यंत डोंगर मस्त चढतो आणि उतरतो, १२३४५६७८९८७६५४३२१. दहा एक घेतले की मात्र १२३४५६७९००९८७६५४३२१, चढताना आठ गायब आणि मध्ये दोन शून्य. मोबाइल बिघडला म्हणाली. मी हातचा वगैरे समजवायला गेलो, मधल्या जागी दहा येतात, ते मावत नाहीत, मग शेजाऱ्याकडे सरकतात. तिला ते फारसं पटलं नाही, मी पण जरा घाईतच सांगितलं, कारण भाजी लागत होती.

अडकली ती भलतीकडेच. एकोणीस म्हणजे विसाला एक कमी हे आजीने सांगितलेलं, एकोणतीस, एकोणचाळीस, सगळे त्याच रांगेत, एकोणनव्वदपर्यंत कोणी रांग सोडत नाही. मग नव्याण्णव कुठून आला? आजीला विचारलं, ती म्हणाली, तसंच म्हणतात. मला विचारलं, मी म्हटलं, आजी म्हणते तसंच.

काल संध्याकाळी खाली लपाछपी चालली होती, राज्य चिऊवर. पार्किंगच्या खांबाला डोकं टेकून मोजत होती, मी गॅलरीतून ऐकत होतो, एवढ्या जोरात की तिसऱ्या मजल्यावर स्वच्छ ऐकू येत होतं. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, एकोणशंभर, शंभर! कोणी हरकत घेतली नाही. घेणार कोण, सगळी लपलेली.