केओटीच्या पट्टीवरचे चित्र

अनंत चतुर्दशीला लालबागच्या उपाहारगृहांत वाढप्याला क्षणभर टेकायलाही उसंत मिळत नाही. कलाशिक्षकाची पदविका असूनही शाळेत नोकरी न लागल्याने मी तेथील एका छोट्या मराठी हॉटेलात वाढपी झालो होतो. त्या दिवशी डॉ. आंबेडकर मार्गावरून मिरवणुका सरकत होत्या आणि आमचा भटारखाना पहाटेपासून तापलेला होता. ऑर्डर नोंदवली की कढईशेजारच्या प्रिंटरमधून केओटीची, म्हणजे भटारखान्यासाठीच्या ऑर्डरची, चिठ्ठी सरसर बाहेर येई, ती वाचून आमचे आचारी मामा खिळ्याला टोचत आणि पुन्हा झाऱ्याने वडे उलटू लागत.

दुपारी एका गिऱ्हाइकाने उकळत्या चहाचा ग्लास बिलावर ठेवला आणि तो उचलताच कागदावर काळे कडे उमटलेले दिसले. या कागदाला शाई लागत नाही. त्यावरचा रासायनिक लेपच उष्णतेने काळा पडतो. राबणाऱ्यांचे चित्र म्हटले की वाकलेली पाठ आणि मोरीवरचा पोऱ्या हेच हातून उतरते. परंतु अंधेरीत राहिलेल्या चित्रकार चित्तप्रसाद यांनी राबणारी मुले लिनोकटमध्ये, म्हणजे लिनोलियमवर कोरून छापलेल्या चित्रांत, ज्या ताकदीने कोरली, त्यानंतर त्या वाटेने जाण्यात मला तरी अर्थ वाटत नव्हता. येथे मात्र जी आच दिवसभर आमच्या अंगावर येत होती, तीच कागदावर रेघ ओढू शकत होती.

रात्री खिळ्यावरच्या चिठ्ठ्या मी मालकांना विचारून घरी नेल्या आणि छापील वेळेच्या क्रमाने चिकटवून लांब पट्टी केली. पहिलीवर सकाळचे सात होते, शेवटचीवर रात्रीचा एक. राज्याच्या 2017 च्या मूळ दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला 9 तासांची मर्यादा आणि जादा कामाला दुप्पट वेतन लिहिलेले होते. आम्हाला शिरा आणि शाबासकी मिळाली.

चारच्या सुमारास वड्यांची भाजी संपल्याने ऑर्डरी थांबल्या होत्या, म्हणून पट्टीत तेथे मी कोरा रोल जोडला. यंत्राला फक्त गिऱ्हाइकाची मागणी दिसते, बटाटे सोलणारे हात दिसत नाहीत, असे त्यातून सुचवायचे होते, आणि ही कल्पना मला बरीच सखोल वाटत होती. पट्टी पाहून मामांनी ती एका वाक्यात मोडीत काढली.

“हितं मोकळं का सोडलंयस? तवा तर आमी बटाटं सोलत हुतो. मग त्ये दिसाया नको व्हय?”

त्यांनी तापलेला झारा कढईतून काढला. तेलाने हा कागद डागाळतो आणि पुढे छापही फिका होतो, म्हणून तो पुसून घ्या, असे मी सुचवले. त्यांनी फडक्याने तो खसाखसा पुसला आणि कोऱ्या रोलवर दाबला. काळ्याभोर गोलात भोकांचे पांढरे ठिपके राहिले. कडेला, तेल उरले होते तेथे, कागद करडा झाला. माझ्या कोरेपणापेक्षा ते नि:संशय सरस होते. मामांनी आणखी जागा चाचपली आणि मोरीवरच्या पोराला हाक मारली, “बटाट्याचं पातेलं आण रं, गरम हाय तवर.”