कालवडीच्या पोटातलं शिसं

निरोप आला तो ‘कालवड पिसाळलीय’ असाच. भिंतीला कपाळ रेटून ती उभी होती, कान सारखे फडफडत होते, करकरा दात खात होती. रेबीजची शंका असली की आम्ही हातमोजे चढवतो आणि तोंडात हात घालायचं टाळतो. डोळ्यासमोर झटकन हात नेला, पापणी लवली नाही. टॉर्च मारला तर बाहुली मात्र नीट आकसली. म्हणजे डोळे शाबूत होते, बिघाड मेंदूत होता. अशा वेळी थायमिनची, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची, कमतरता आणि शिशाची विषबाधा या दोन गोष्टी आधी मनात येतात. थायमिन दोन्हींत चालतं, ते लगेच टोचलं.

‘चारापाणी नेहमीचंच आहे’ असं मालक म्हणाले. बहुतेक गोठ्यांत हेच उत्तर मिळतं, म्हणून मी स्वतः भोवताल फिरून बघतो. गोठ्यामागच्या मोकळ्या जागेत भंगारातल्या वायरी जाळून तांबं काढत होते, मदरबोर्ड तापवून सुटे भाग उकलत होते. राखेत सोल्डरचे, म्हणजे सुटे भाग जोडणाऱ्या डाकाचे, करडे मणी पडले होते. जुन्या सोल्डरमध्ये साधारण ३७ टक्के शिसं असतं. अंगात फॉस्फरस कमी पडला की गुरं माती, राख, हाडं काहीही चाटतात.

कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए शिरेतून दिलं, मॅग्नेशियम सल्फेट पाजलं. ईडीटीए रक्तातलं शिसं धरून लघवीवाटे काढतं, पण पोटात पडून राहिलेले कण विरघळतच राहतात. पहाटे ती गेली.

शवविच्छेदनात मेंदूचा नमुना रेबीजसाठी काढला आणि मग गुरांच्या चार पोटांपैकी दुसरं पोट उघडलं. त्याचं अस्तर मधाच्या पोळ्यासारखं असतं. त्या खाचाखाचांतून बारीक करडे मणी रुतून बसले होते. चिमट्याने एकेक काढून बशीत ठेवला. प्रयोगशाळेच्या अर्जावर रोगजंतूंसाठी रकाने आहेत, धातूंसाठी एकही नाही. ‘मूत्रपिंड, यकृत : शिसं’ हे मी समासात लिहिलं आणि पाठपुरावा करून तपासून घेतलं. रेबीज नव्हता. मूत्रपिंडात १० पीपीएमच्या (दहा लाखांत दहा भागांच्या) वर शिसं असलं की निदान पक्कं मानतात; इथे ते कितीतरी वर होतं.

मला अजून अस्वस्थ करतात त्या बाकीच्या गायी. वैरण खातात, रवंथ करतात, दूध देतात, आणि त्यांच्यातल्या काहींच्या रक्तात शिसं जास्त निघालं. ते दुधात उतरतं. हाडांत साठतं आणि तिथून महिनोन्महिने रक्तात परत येत राहतं. ‘डॉक्टर, गाय ठणठणीत आहे, दूध ओतून कसं देऊ?’ मालकांचा प्रश्न रास्त होता. औषधाच्या बाटलीवर दूध किती दिवस वापरायचं नाही ते छापलेलं असतं. शिशाच्या बाबतीत पुन्हापुन्हा रक्त आणि दूध तपासण्यावाचून मार्ग नाही, आणि तो खर्च उचलायला कुणी पुढे येत नाही. घरातल्या लहानग्यांचंही रक्त तपासून घ्या, असं बजावून सांगितलं. पोटात गेलेलं शिसं लहान मुलं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतात.

वायरींवरचं पीव्हीसी प्लास्टिक जळताना डायॉक्सिनं ही विषारी रसायनं तयार होतात, तीही दुधाच्या स्निग्धांशात उतरतात. त्यांची तपासणी मला करताच आली नाही.

वायरी जाळणाऱ्यांवर माझा राग नाही. त्याच धुरात त्यांची पोरं खेळतात. राग आहे तो जुनी यंत्रं स्वस्तात त्यांच्या गळ्यात मारून हात झटकणाऱ्यांवर.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा जाळण्याची जागा ओढ्याच्या वरच्या अंगाला सरकली होती. तिथल्या गोठ्यांतलं रक्त घेतलंय, अहवाल यायचाय.