विटांची पद्मिनी : कंबर दोन प्लेटी खाली उतरली तेव्हा

जानेवारीच्या अखेरीस अमळनेरजवळच्या मळ्यात भरिताचा बेत होता. जेवणे उरकून सारे जण निखाऱ्यांभोवती बसले असताना मी निंबाखाली अर्धी ताडपत्री पांघरून उभ्या असलेल्या क्रीम रंगाच्या प्रीमियर पद्मिनीभोवती, तिची लेगोच्या विटांत प्रतिकृती बांधण्यासाठी, सुताराची टेप घेऊन फिरत होतो. गाडी सौ.च्या चुलत्यांची, सारे त्यांना आप्पा म्हणतात. गाडी चालू स्थितीत आहे, मात्र आठवड्यातून एकदा सुरू करून पाहण्यापलीकडे तिला आता काम नाही. मी टेपने दारे मोजतो आहे हे पाहून आप्पांना वाटले की जवाईबापू गाडी विकत घ्यायला आले आहेत, आणि तो गैरसमज दूर करताना बराच वेळ गेला.

यापूर्वी मी फियाट ५०० चा २०२० मध्ये आलेला, ९६० तुकड्यांचा लेगो संच बांधला होता. तो बांधताना हात बसला, पण पुस्तिकेतील पायऱ्या चढत जाणे आणि स्वतः गाडी रचणे यांत किती अंतर आहे, हे पद्मिनीने शिकवले. दोन्ही गाड्यांचे मूळ एकाच माणसाकडे जाते. फियाटचे अभियंते दांते जाकोसा यांनी १९५७ ची छोटी ५०० घडवली, आणि पद्मिनी ज्या घराण्यातली, ती १९५३ ची ११०० सुद्धा त्यांचीच. त्या घराण्यातील ११०० डी ही गाडी प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून मुंबईत बांधायला घेतली, मध्यंतरी तिने ‘प्रेसिडेंट’ हे नाव घेतले आणि १९७४ मध्ये ती ‘पद्मिनी’ झाली. आमच्याकडे मात्र तिला कोणी पद्मिनी म्हणत नाही; ती फियाटच.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हापासून काळ्या-पिवळ्या प्रतिकृती बऱ्याच जणांनी बांधल्या. काळा-पिवळा रंग विटांमध्ये सहज मिळतो आणि पाहणाऱ्याला गाडी लगेच ओळखू येते, म्हणून तो मार्ग सोपा आहे. परंतु रंगावरून ओळखली जाणारी गाडी आकारावरून ओळखू येतेच असे नाही. मला रंगाची मदत न घेता पद्मिनी उभी करायची होती.

प्रमाण ठरवायला एक संध्याकाळ पुरली. मूळ गाडीची लांबी सुमारे ३.९३ मीटर, रुंदी १.४६ मीटर, उंची १.४७ मीटर आणि दोन्ही आसांमधील अंतर २.३४ मीटर. एका स्टडपासून (विटेवरच्या गोल उंचवट्यापासून) दुसऱ्या स्टडपर्यंत ८ मिमी आणि एका प्लेटची, म्हणजे विटेच्या तिसऱ्या हिश्शाच्या चपट्या तुकड्याची, जाडी ३.२ मिमी हे आपणा सर्वांना पाठच असते. १:१८ हे प्रमाण घेतले की लांबी २७ स्टड, रुंदी १० स्टड, आसांतील अंतर १६ स्टड आणि उंची साडेपंचवीस प्लेटी अशी उत्तरे जवळजवळ निःशेष येतात. इतके सरळ उत्तर आल्यावर मी दुसरे कोणतेही प्रमाण तपासले नाही. चाकांनी मात्र तेव्हाच डोळे वटारले होते. आप्पांच्या गाडीचे चाक साठ सेंटीमीटरच्या आसपास भरले, म्हणजे प्रतिकृतीत ३३ मिमी हवे; माझ्यासमोर पर्याय ३०.४ आणि ३६.८ मिमीचे. मोठे चाक मडगार्डला घासत होते, म्हणून लहान घेतले.

रंगाचीही तडजोडच. क्रीमला जवळचा म्हणावा असा रंग पुरेशा तुकड्यांत मिळत नाही. टॅन फारच मातकट दिसतो. शेवटी पांढरा घेतला. उन्हातील अतिनील किरणांनी पांढरे एबीएस, म्हणजे विटांचे प्लास्टिक, पिवळे पडते ही आपल्या छंदातली जुनी तक्रार आहे. खानदेशाच्या चार उन्हाळ्यांत ही गाडी आपोआप क्रीम होईल, असे मी घरी सांगून ठेवले आहे. तुकडे परदेशातून मागवणे टाळले, कारण खेळण्यांवरचे आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले. देशातल्याच एका विक्रेत्याकडून वापरलेले पांढरे तुकडे किलोवर घेतले. पार्सल उघडले तेव्हा त्यात पांढऱ्याच्या तीन छटा निघाल्या, आणि काही तुकडे तर दुसऱ्याच कुठल्यातरी कंपनीचे होते, ज्यांची पकड दोनदा काढून बसवल्यावरच सैल होत होती. ते सारे मी तळाला, जेथे कोणी पाहत नाही तेथे, वापरले. ही चूक पुढे नडली.

बांधणीत सर्वांत समाधान देणारा भाग म्हणजे कुशी. मूळ गाडीची दारे सपाट आणि गुळगुळीत आहेत, त्यामुळे बाहेरच्या बाजूला स्टड दिसून चालणार नव्हते. आतला गाभा ८ स्टड, म्हणजे ६४ मिमी रुंद ठेवला. त्याच्या दोन्ही बाजूंना ब्रॅकेट (काटकोनी तुकडे) लावले, ब्रॅकेटवर प्लेट आणि प्लेटवर टाइल, म्हणजे स्टड नसलेला गुळगुळीत तुकडा. ब्रॅकेटच्या उभ्या पानाची जाडी अर्ध्या प्लेटइतकी, १.६ मिमी, त्यात प्लेटचे ३.२ आणि टाइलचे ३.२ मिळवले की बरोबर ८ मिमी होतात. दोन्ही बाजूंचे मिळून १६, गाभ्यासह ८०, म्हणजे नेमके दहा स्टड. हा हिशेब कागदावर जुळला त्या रात्री मी तो तीन वेळा पुन्हा केला, कारण आपल्या छंदात इतके फुकट काही मिळत नाही.

फेब्रुवारी आणि मार्चचा अर्धा भाग मी गाडीच्या तोंडावर घालवला. जाळीच्या आडव्या पट्ट्यांसाठी राखाडी ग्रिल टाइल आडव्या-उभ्या लावून पाहिल्या. दिव्यांसाठी हेडलाइट ब्रिकमध्ये पारदर्शक गोल प्लेट बसवली. बंपरसाठी चांदी रंगाच्या तुकड्यांची जुळवाजुळव केली. मूळ दिव्याचा व्यास सुमारे १८ सेंटीमीटर, म्हणजे प्रतिकृतीत १० मिमी. एक स्टडचा गोल तुकडा ८ मिमीचा आणि त्यापुढचा एकदम १६ मिमीचा. आठाचा दिवा लावला की गाडी झोपाळू दिसते आणि सोळाचा लावला की घाबरलेली. झोपाळू बरी, असे ठरवले. तोंड छान झाले होते. शेजारचा मुलगाही “मस्त” म्हणाला. फक्त ती पद्मिनी दिसत नव्हती. समोरून पाहिले तर कोणतीतरी जुनी इटालियन गाडी, बाजूने पाहिले तर बँकेची रोकड नेणारी चिलखती गाडी.

हे का होते आहे, ते मला तीन आठवडे कळले नाही, आणि त्या काळात मी जाळी आणखी दोनदा बदलली. उत्तर छायाचित्रांनी दिले, आणि ती रीत येथे सविस्तर सांगतो, कारण प्रतिकृती तपासण्याचा यापेक्षा प्रामाणिक मार्ग मला ठाऊक नाही. मूळ गाडीचे छायाचित्र नऊ मीटरवरून घ्यावे. प्रमाण १:१८ असल्याने प्रतिकृतीचे छायाचित्र बरोबर अर्ध्या मीटरवरून घ्यावे. कॅमेऱ्याची उंचीही त्याच हिशेबाने: गाडीसमोर १.४४ मीटर, तर प्रतिकृतीसमोर टेबलापासून ८ सेंटीमीटर. असे केले की दोन्ही छायाचित्रांत जवळच्या-लांबच्या गोष्टींचे लहानमोठेपण सारखे येते आणि एक चित्र दुसऱ्यावर ठेवून पाहता येते. एरवी आपण प्रतिकृतीकडे वरून, जणू तिसऱ्या मजल्याच्या गच्चीतून पाहत असतो आणि तरीही ती खऱ्यासारखी दिसत नाही म्हणून जाळीला दोष देतो.

चित्रावर चित्र ठेवले आणि दोष लगेच दिसला. दाराचा पत्रा जेथे संपतो आणि काच सुरू होते ती रेषा, म्हणजे गाडीची कंबर, आप्पांच्या गाडीत जमिनीपासून ९२ सेंटीमीटरवर आहे. प्रतिकृतीत ती ५१ मिमीवर, म्हणजे सोळाव्या प्लेटवर यायला हवी होती. माझी अठरावर होती. कारण साधे होते: दाराची उंची मी विटांत मोजली आणि तीन प्लेटींच्या पटीत सोयीस्कर पडणारा आकडा घेतला. एकूण उंची तीच, त्यामुळे वाढलेल्या दोन प्लेटी काचेतून कापल्या गेल्या होत्या. पद्मिनीचे रूप तिच्या मोठ्या, उजेडाने भरलेल्या काचांत आहे. बारीक खांब, पुढच्या दाराची त्रिकोणी काच, मागची रुंद काच. त्या काचा अरुंद झाल्या की जाळी कितीही हुबेहूब करा, गाडी आपली ओळख देत नाही.

दुरुस्ती म्हणजे जवळजवळ सारी गाडी सोडवणे. ते काम आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुट्टीत केले. घरात पुरणाच्या मांड्यांची गडबड, अंगणात झोके, आणि मी आतल्या खोलीत विटा वेगळ्या करत बसलेलो. यावरून जे ऐकून घ्यावे लागले ते येथे लिहीत नाही. वेगळे करताना ते सैल पकडीचे तुकडे भेटले. त्यांच्यावर उभा असलेला मधला भाग सुटताना एका बाजूने खचला आणि उजवे दार जमिनीवर पडून विखुरले. पुन्हा बांधताना तळात लेगोच्या टेक्निक मालिकेतल्या दोन सलग दांड्या घातल्या, आणि तो किलोभर मालातला परका भाग सगळा बाजूला काढला.

कंबर सोळाव्या प्लेटवर आली आणि त्याच संध्याकाळी, छप्पर नसतानाही, टेबलावर पद्मिनी उभी होती. जाळी तीच, दिवे तेच.

मागच्या पंखांचा प्रश्न त्यानंतर सोडवला. कंबरेची रेषा मागे जाता जाता हळूच वर उचलली जाते आणि उभ्या दिव्यापाशी संपते. त्यासाठी चार स्टड लांबीची तिरकी प्लेट कुशीवर उभी बसवली, तर चढ आठ मिमीचा झाला. मूळ मापात तो १४ सेंटीमीटर, म्हणजे अमेरिकन गाड्यांचा थाट. मूळ पंख त्याच्या निम्माच उठतो. जंपर प्लेटने सारा तुकडा अर्धा स्टड खाली सरकवला, त्यामुळे चढाचा निम्मा भाग कंबरेखाली लपला आणि वर दिसतो तो फक्त चार मिमीचा. हा या प्रतिकृतीतला माझा सर्वांत आवडता कोपरा आहे.

पुढच्या काचेबद्दल तेवढे बोलवत नाही. चार स्टड रुंदीचे दोन पारदर्शक पॅनेल बिजागरीच्या प्लेटवर तिरके बसवले आहेत, आणि त्यांच्या मधोमध फट दिसते. मूळ काच एकसंध आहे. आतमध्ये पुढचे सलग बाक आणि स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला गिअरचा दांडा आहे. तो दांडा म्हणजे एक छोटा लीव्हर, पण दार उघडून पाहणाऱ्याची नजर आधी त्यावरच जाते.

मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला. विटांना त्याचे काही वाटत नाही, एबीएस नरम पडायला याच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते. त्रास होतो तो कूलरचा. त्याच्या ओल्या हवेत नंबरप्लेटचे घरी छापलेले ‘एमएच १९’ चिकटपत्र दोन्ही कोपऱ्यांतून उचलले गेले, आणि कूलर बंद केला की कोरड्या हवेत पांढऱ्या छपरावर धूळ चिकटून बसते. मऊ रंगाच्या ब्रशने ती रोज झटकावी लागली.

८४६ तुकड्यांवर गाडी पूर्ण झाली, आणि जूनच्या पहिल्या पावसानंतर पुन्हा तिची नऊ मीटर–अर्धा मीटर परीक्षा घेतली. बाजूने पाहता काचा, छप्पर आणि मागचा पंख मूळ चित्रावर बसतात. चाके लहान दिसतात, आणि मी पर्याय नाही म्हणून ते सोडून दिले होते तरी चित्रात ते सर्वांत आधी खुपते. बॉनेट एक स्टड लांब आहे. एक स्टड म्हणजे मूळ गाडीत साडेचौदा सेंटीमीटर, हे लक्षात घेतले की चूक लहान वाटत नाही. मजबुतीत मी तिला चांगले गुण देईन: छपराला धरून उचलता येते, दारे उघडझाप केल्यावर कुशीच्या टाइल हलत नाहीत. जळगावहून अमळनेरपर्यंत मांडीवर ठेवून नेली, तर एकच तुकडा निसटला, तोही आरसा.

आप्पांनी ती बराच वेळ फिरवून पाहिली, चष्मा काढून पुन्हा पाहिली. पंख, गिअरचा दांडा, काही बोलले नाहीत. मग विचारले, “जवाईबापू, मांगला दारना पोचा कोठे शे?” तो पोचा माझ्या प्रत्येक छायाचित्रात होता, आणि मी तो मापाच्या आड येतो म्हणून दरवेळी दुर्लक्षिला होता. सध्या डाव्या मागच्या दारावरची एक टाइल काढून तेथे कडेला किंचित उतार असलेला तुकडा बसतो का, ते पाहतो आहे. ब्रॅकेटचा हिशेब न मोडता ते जमवणे अवघड आहे.

बॉनेट आखूड करण्यासाठी तोंड पुन्हा सुटे केले आहे. जाळी तशीच उचलून एक स्टड मागे बसेल, पण पुढचा आस हलवायचा नसल्याने मडगार्डचा पुढचा वक्र तुकडा बदलावा लागेल, आणि तो पांढऱ्यात चार नग हवे आहेत. कोणाकडे त्याच पांढऱ्या छटेचे जास्तीचे असतील तर मोबदल्यात माझ्याकडे तीन छटांचा किलोभर माल पडून आहे.